लाळ्या खुरकूत ते लम्पी: विषाणूविरोधी औषधाची जनावरांवरची चाचणी कशी आखायची

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर गाडीचे बैलही येतात. बांधाच्या अलीकडे संस्थेला दूध घालणारी म्हैस, पलीकडे टोळीची बैलजोडी. त्यातल्या एखाद्या बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, तर शेजारच्या गोठ्यातल्या लस न झालेल्या जनावराला त्याच दिवशी लस टोचली तरी तिचं संरक्षण उभं राहायला साधारण आठवडा जातो. विषाणू तेवढं थांबत नाही. हा आठवडा भरून काढणारं औषध शोधणं हे पशुधनाच्या विषाणूविरोधी संशोधनातलं सगळ्यात उपयोगी काम आहे. ते तपासण्यासाठी कोणतं प्राणी-मॉडेल घ्यायचं आणि चाचणी कशी बांधायची, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या पशुवैद्यक, औषधनिर्माण आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे पायरीपायरीने मांडलं आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका ओळीत लिहा

प्राणी निवडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहायचं: औषध कोणत्या जनावराला, केव्हा द्यायचं आणि काय टाळायचं. "लाळ्या खुरकुतावर औषध शोधणे" हे उद्दिष्ट झालं, प्रश्न नव्हे. "बाधित जनावराच्या संपर्कात येण्याच्या आदल्या दिवसापासून सात दिवस औषध दिल्यास म्हशीला संसर्ग होतो का?" हा प्रश्न झाला.

लाळ्या खुरकुताचा विषाणू रक्तात जेमतेम तीन ते पाच दिवस असतो. शेतकरी डॉक्टरांना बोलावतो तेव्हा जिभेवरचे फोड फुटलेले असतात, लाळ गळत असते, आणि रक्तातला विषाणू ओसरायला लागलेला असतो. तेव्हा दिलेलं विषाणूविरोधी औषध जवळजवळ निरुपयोगी ठरतं, मग काचपात्रात ते कितीही चांगलं दिसलेलं असो. म्हणून या रोगात औषधाची खरी जागा शेजारच्या निरोगी गोठ्यात आहे आणि मॉडेलही त्याच परिस्थितीचं हवं. लम्पीची चाल वेगळी. तिथे गाठी आठवडेच्या आठवडे राहतात आणि विषाणू त्वचेत दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे आजारी जनावरावर उपचाराचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. रोग बदलला की प्रश्न बदलतो आणि प्रश्न बदलला की प्राणी बदलतो.

दुसरी पायरी: कोल्हापुरात काय होईल आणि काय होणार नाही

जिवंत लाळ्या खुरकूत विषाणू देऊन प्राण्यांना बाधित करणं हे काम साध्या प्राणीगृहात होत नाही, करूही नये. प्रयोगशाळेतून सुटलेला विषाणू आख्ख्या तालुक्याचं दूध बंद करू शकतो. असं काम भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेसारख्या किंवा भुवनेश्वरजवळच्या अरुगुळ इथल्या राष्ट्रीय लाळ-खुरकूत संस्थेसारख्या बंदिस्त, दाब-नियंत्रित सुविधांमध्येच होतं. तिथे सहकार्याचा प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तुमच्या पहिल्या टप्प्यांची आकडेवारी नीट नसेल तर त्या प्रस्तावाला वजन येत नाही.

हे पहिले टप्पे मात्र विषाणूशिवाय इथेच होतात: औषध प्राण्याला सोसतं का, रक्तात किती चढतं, किती वेळ टिकतं, दुधात किती उतरतं. बरीच औषधं याच टप्प्यांवर गळतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयाची मदत लागली तर राज्यातलं सर्वांत जवळचं शिरवळला आहे, आणि पेशी-वाण (सेल लाइन) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळतात.

तिसरी पायरी: पेशींवरचे दोन आकडे

विषाणूची वाढ निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा म्हणजे ईसी-५०. निम्म्या पेशी मारणारी मात्रा म्हणजे सीसी-५०. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की निवडक्षमता निर्देशांक मिळतो. तो १० च्या खाली असेल तर प्राण्यापर्यंत जाऊ नका. ईसी-५० वर थांबूही नका, ईसी-९० म्हणजे ९० टक्के वाढ रोखणारी मात्राही काढा. जनावराच्या रक्तात निम्मा विषाणू रोखून भागत नाही.

इथे एक जुना घोळ हमखास होतो. पेशी वाढवायला गायीच्या भ्रूणाचं सीरम वापरतात, आणि त्यात बीव्हीडी या गोवंशीय विषाणूचा पेशी न मारणारा प्रकार लपलेला असू शकतो. तो एमडीबीके या गायीच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये शांतपणे राहतो, पेशींचं वागणं बदलतो, आणि तुमच्या औषधाचा परिणाम खरा की त्या पाहुण्याचा हे कळत नाही. सीरमच्या प्रत्येक नव्या लॉटची आणि हातातल्या पेशींची पीसीआर तपासणी करून मगच सुरुवात करा.

रेणू निवडतानाच आणखी एक गोष्ट बघा. युरोपीय संघाने २०२२ मध्ये फक्त माणसांसाठी राखीव औषधांची यादी काढली. तिच्यात फॅविपिराविर, रिबाविरिन, ओसेल्टामिविर, मोल्नुपिराविर आहेत. तत्त्व सिद्ध करायला हे रेणू वापरता येतील, पण उद्या गोठ्यात जाणारं औषध म्हणून त्यांच्यावर पाच वर्षं घालवण्याआधी दोनदा विचार करावा.

चौथी पायरी: प्राणी निवडणे

लाळ्या खुरकुतासाठी गिनिपिग हे शंभर वर्षांपासूनचं मॉडेल आहे. टोचल्या जागी येणारा फोड मोजायचा नसतो. इतर पायांवर आणि तोंडात फोड पसरतात का, ते बघायचं असतं. औषधाने हा प्रसार थांबवला तर ते कामाचं. फॅविपिराविरच्या जवळचा टी-११०५ हा रेणू गिनिपिगमध्ये आणि डुकरांमध्ये याच पद्धतीने तपासला गेला. अंगावर पिणारी उंदराची पिल्लं विषाणूला फार नाजूक असतात, पण काही ग्रॅमच्या पिल्लाला दिवसातून दोनदा औषध पाजणं आणि त्याचं रक्त पुन्हा पुन्हा घेणं जमत नाही. प्रौढ सी-५७ काळा उंदीर काही विषाणू-वाणांना बळी पडतो. तो स्वस्त आहे, पण त्याला पायांवरचे फोड येत नाहीत आणि तो मृत्यू मोजायचा प्राणी होऊन बसतो. गिनिपिगला तो पर्याय होऊ शकत नाही.

शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या विषाणूजन्य रोगासाठी छोट्या प्राण्यात वेळ घालवू नका. शेळी स्वतःच मॉडेल आहे, आकाराने आटोपशीर आहे आणि खरी रोगीही तीच आहे. जातीजातीत बळी पडण्याचं प्रमाण बदलतं, म्हणून उस्मानाबादी आणि सानेन एका गटात मिसळू नका. मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगासाठी इंटरफेरॉन या शरीराच्या विषाणूविरोधी प्रथिनाचा ग्राही (रिसेप्टर) नसलेले उंदीर वापरतात, कारण साधा प्रौढ उंदीर आजारीच पडत नाही. पण औषध इंटरफेरॉनमार्फत काम करत असेल तर याच उंदरात ते हरणार, हे आधीच ठरलेलं आहे. गायींच्या आयबीआर या विषाणूजन्य श्वसनरोगासाठी ससा चालतो.

लम्पीसाठी विश्वासाचा छोटा प्राणी नाही. सशात फार तर टोचल्या जागेपुरती गाठ येते. भारतात २०१९ साली ओडिशात प्रथम नोंद झालेला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रातले जनावरांचे बाजार बंद पाडणारा हा रोग तपासायचा तर गोवंशच घ्यावा लागतो. त्यातही प्रयोगात बाधित केलेल्या गुरांपैकी साधारण निम्म्यांनाच अंगभर गाठी येतात. चाचणीचं गणित यामुळे किती बिघडतं ते सहाव्या पायरीत दिसेल.

परवानगीचं काम प्राणी ठरला की लगेच सुरू करा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांखाली संस्थेची नोंदणी हवी आणि प्रस्ताव फॉर्म बी मध्ये जातो. उंदीर, गिनिपिग, सशांचा निर्णय संस्थेची नैतिकता समिती घेते. शेळी, मेंढी, वासरू घ्यायचं असेल तर प्रस्ताव दिल्लीच्या केंद्रीय समितीकडे, म्हणजे आताच्या सीसीएसईए कडे जातो. संख्येचं समर्थन न देणारा अर्ज परत येतो, म्हणून सहाव्या पायरीतला हिशोब अर्जाआधी करून ठेवा.

पाचवी पायरी: रक्तात औषध किती चढतं

नवीन माणसाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. गिनिपिगमधली मात्रा तशीच उचलून वासराला देणं ही नेहमीची चूक. शरीर मोठं झालं की दर किलोला लागणारं औषध कमी होतं. पहिल्या अंदाजासाठी दोन वजनांच्या गुणोत्तराचा पाव घात घ्या. अर्ध्या किलोच्या गिनिपिगला दर किलो १०० मिलिग्रॅम लागत असेल, तर १०० किलोच्या वासरासाठी गुणक सुमारे ०.२७ येतो, म्हणजे दर किलो २७ मिलिग्रॅम. ४०० किलोच्या म्हशीसाठी तो ०.१९ च्या आसपास, म्हणजे दर किलो साधारण १९ मिलिग्रॅम, एका वेळी साडेसात ग्रॅम. दिवसातून दोनदा, सात दिवस दिलं तर एका म्हशीला १०५ ग्रॅम औषध लागतं. हा हिशोब पहिल्याच आठवड्यात मांडा. प्रयोगशाळेत पाच ग्रॅम तयार करणाऱ्या रसायनतज्ज्ञाला शंभर ग्रॅमची गरज ऐन वेळी सांगून उपयोग नाही.

आणि मग रवंथाचा प्रश्न. मोठ्या जनावराच्या पहिल्या पोटात शंभर-दीडशे लिटर आंबणारं मिश्रण असतं. तोंडाने दिलेलं औषध त्यात विरघळून पातळ होतं आणि तिथले जिवाणू ते तोडूही शकतात. गिनिपिगच्या पोटात यातलं काही घडत नाही. काही आठवड्यांच्या दूधपित्या वासरातही घडत नाही, कारण चोखताना दूध अन्ननलिकेच्या पन्हाळीतून थेट चौथ्या पोटात जातं. म्हणून दूधपित्या वासरावरचा चांगला निकाल दुभत्या म्हशीला लावू नका. हे तपासायची स्वस्त युक्ती अशी: कत्तलखान्यातून ताजा रुमेन-द्रव (पहिल्या पोटातलं मिश्रण) आणा, ३९ अंशाला हवाबंद ठेवा, त्यात औषध मिसळा आणि ०, २, ६, १२ आणि २४ तासांनी किती उरलं ते मोजा. थर्मासमधून आणा आणि तासाभरात वापरा. गार पडलेल्या आणि हवा लागलेल्या द्रवातले जिवाणू मरतात, आणि मग औषध "टिकलं" असं खोटं उत्तर मिळतं.

शेळीत अभ्यास करताना सहा शेळ्या पुरतात. प्रत्येकीला एकदा शिरेतून आणि एकदा तोंडाने द्या, मध्ये औषधाच्या किमान दहा अर्धायुष्यांएवढं (अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) अंतर ठेवा आणि कोणाला आधी काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मानेच्या शिरेतून ०, १५ आणि ३० मिनिटं, मग १, २, ४, ६, ८, १२, २४ आणि ३६ तासांनी ४ मिलिलिटर रक्त घ्या. अकरा नमुन्यांचे ४४ मिलिलिटर झाले. पंचवीस किलोच्या शेळीत पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं, तिला ते जड नाही. गिनिपिगमध्ये असं चालणार नाही: ५०० ग्रॅमच्या गिनिपिगमध्ये सुमारे ३७ मिलिलिटर रक्त, त्याच्या दहा टक्के म्हणजे पावणेचार मिलिलिटर ही दोन आठवड्यांची मर्यादा. तिथे वेळा वाटून वेगवेगळ्या प्राण्यांकडून घ्या. रक्त हेपॅरिनच्या नळीत, बर्फावर, अर्ध्या तासात अपकेंद्रित करून प्लाझ्मा उणे ८० ला. नळीवर शेळीचा क्रमांक आणि वेळ पेन्सिलने किंवा अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनने लिहा.

हातात आलेली रक्तपातळी थेट ईसी-९० शी जुळवू नका. प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटलेलं औषध काम करत नाही. ईसी-९० दर मिलिलिटर २ मायक्रोग्रॅम असेल आणि ७० टक्के औषध बांधलं जात असेल, तर एकूण पातळी ६.७ च्या वर राहायला हवी, आणि तीही पुढच्या मात्रेच्या आधीच्या सर्वांत खालच्या क्षणी.

आता प्रत्यक्ष पाजताना. न विरघळणारं औषध अर्धा टक्का सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या) द्रावणात घोळून देतात. सकाळी नऊला घोळ केला, सिरिंजा भरून ट्रेमध्ये मांडून ठेवल्या आणि साडेनऊला पाजायला सुरुवात केली, की भुकटी सिरिंजेच्या तळाशी बसलेली असते. उजेडात आडवी धरून बघा, खालच्या बाजूला पांढरी रेघ दिसते. बाटलीतून ओढतानाही तेच. पहिल्या प्राण्याला पाण्यासारखं आणि शेवटच्याला दुप्पट औषध जातं, आणि मग "प्राण्याप्राण्यात फरक फार" असा निष्कर्ष लिहिला जातो. बाटली चुंबकी ढवळणीवर चालू ठेवा, एक प्राणी झाला की पुढची सिरिंज भरा, आणि बाटलीच्या वरून, मधून, खालून नमुना घेऊन तिन्हींत औषध सारखं आहे का ते एकदा मोजा. उंदीर-गिनिपिगला दर किलो १० मिलिलिटरपेक्षा जास्त पाजू नका.

गिनिपिगबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्यामुळे भल्याभल्यांच्या चाचण्या फुकट गेल्या आहेत. त्याला माणसासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, रोज दर किलो साधारण १० मिलिग्रॅम. खाद्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत उडून जातं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या पोत्याला बुरशीही धरते. दहा दिवसांत वजन घटलं, सांधे दुखरे झाले, की दोष औषधाला दिला जातो. कारखान्यातली तारीख बघूनच पोतं घ्या, डब्यात बंद ठेवा. दुसरं, पेनिसिलिनच्या कुळातली प्रतिजैविकं गिनिपिगच्या आतड्यातला समतोल मोडून त्याला मारू शकतात. जखम झाली म्हणून सहज दिलेल्या इंजेक्शनने कंट्रोल गट, म्हणजे तुलनेसाठी औषध न दिलेला गट, रिकामा होतो.

सहावी पायरी: किती प्राणी

इथे मनाने आकडा घेऊ नका, आधी मोजा. निकाल "आजारी पडला किंवा नाही" असा असेल तर फिशरची अचूक चाचणी वापरतात. प्रत्येक गटात पाच गिनिपिग, कंट्रोलचे पाचही आजारी आणि औषध दिलेल्यांपैकी एकच आजारी, तर दुतर्फी पी-मूल्य (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०४८ येतं, म्हणजे ०.०५ ची नेहमीची मर्यादा कसंबसं पार. प्रत्येक गटात सहा, कंट्रोल सहाही आजारी आणि औषध गटात दोन आजारी, तर ०.०६. औषध खरोखर चांगलं असूनही कागदावर हरतं.

आता लम्पी घ्या. निम्मीच गुरं आजारी पडतात. सहा कंट्रोलपैकी तीन आजारी, औषध गटात एकही नाही. म्हणजे याहून चांगला निकाल शक्यच नाही. तरी पी-मूल्य ०.१८. गटात दहा घेतले, पाच विरुद्ध शून्य आले, तर ०.०३. म्हणजे लम्पीत गटात सहा जनावरं घेऊन चाचणी सुरू करणं हे आधीच वाया गेलेलं काम आहे, आणि ज्या सहा कंट्रोल गुरांना त्यासाठी आजारी पाडलं त्यांच्यावर तो अन्याय आहे. उपाय दोन. एकतर संख्या वाढवा, नाहीतर हो-नाही सोडून रक्तातला विषाणू रोज पीसीआरने मोजा. मोजमाप आकड्यात आलं की कमी जनावरांतही फरक दिसतो.

औषध पाण्यातून किंवा खाद्यातून दिलं तर एकक प्राणी नव्हे, पिंजरा. एका पिंजऱ्यात पाच गिनिपिग असले तरी मोजताना एक. संपर्कातून होणाऱ्या संसर्गाच्या चाचणीत कंपार्टमेंट, म्हणजे जनावरं एकत्र ठेवलेला कप्पा, हे एकक असतं.

गटवाटप वजनानुसार जोड्या लावून चिठ्ठ्यांनी करा. पिंजऱ्यातून हाताला लागतील तसे उचलले तर आधी सापडतात ते मंद प्राणी, आणि ते सगळे एकाच गटात जातात. औषधाच्या आणि कोऱ्या द्रावणाच्या बाटल्यांवर फक्त अ आणि ब. कोणत्या बाटलीत काय, याची किल्ली तिसऱ्याकडे. फोड मोजणाऱ्याला गट माहीत नको.

सातवी पायरी: रोजची नोंद आणि खरी कसोटी

तापमान रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी आठला घ्या. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमधल्या निरोगी म्हशीचंही अंग तापतं. गिनिपिगचं वजन रोज घ्या आणि सुरुवातीच्या वजनाच्या २० टक्के घटलं की प्राणी चाचणीतून काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा. हा निकष आधी लिहून ठेवा. रात्री अकराला थकलेल्या माणसाने तो ठरवायचा नसतो.

फोड आले नाहीत एवढ्यावर आनंद मानू नका. लाळ्या खुरकुतात फोड न आलेलं गोवंशीय जनावरही घशात विषाणू बाळगू शकतं, आणि २८ दिवसांनंतरही तो सापडला तर त्याला वाहक म्हणतात. औषधाने फोड झाकले आणि वाहक तयार केले तर ते गोठ्यात न आलेलंच बरं. म्हणून शेवटी घशातला नमुना प्रोबँग कपाने (घसा खरवडून नमुना घेणाऱ्या कपाने) घ्या, आणि रक्तात विषाणूच्या असंरचनात्मक, म्हणजे तो वाढतानाच तयार होणाऱ्या, प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का ते बघा. फक्त लस दिलेल्या जनावरात ही प्रतिपिंडं सहसा नसतात, संसर्ग झालेल्यात असतात, त्यामुळे लस आणि औषध एकत्र दिलं तरी हिशोब लागतो. औषध देऊनही आजारी पडलेल्या जनावरातला विषाणू टाकून देऊ नका, त्याची जनुकक्रमवारी वाचा. आरएनए विषाणूत औषधाला न जुमानणारं उत्परिवर्तन यायला एक जनावर पुरतं.

आठवी पायरी: दूध

गंगावेशीत रोज संध्याकाळी म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध प्यालं जातं, त्या गावात औषधाचा दुधातला अंश हा शेवटी बघायचा विषय असू शकत नाही. दुधाचा सामू ६.६ ते ६.८, रक्ताचा ७.४. आम्लधर्मी दुधात अल्कधर्मी औषध ओढलं जातं आणि अडकतं, म्हणून रक्तात औषध उरलेलं नसताना दुधात ते सापडू शकतं. रक्ताचे नमुने घेता त्याच जनावराचं सकाळ-संध्याकाळचं दूध, चारही सडांचं एकत्र करून, १० मिलिलिटर गोठवून ठेवा. मात्रा थांबल्यानंतरही सलग तीन धारांत औषध मोजता न येण्याइतकं खाली जाईपर्यंत नमुने घेत राहा. आपल्या औषध नियमांनुसार स्वतंत्र कालावधी ठरलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस थांबावं लागतं, आणि प्रायोगिक औषधात तेवढ्यावर विसंबू नये. चाचणीतल्या जनावराचं दूध संस्थेच्या कॅनमध्ये जाता कामा नये आणि वासरालाही पाजू नये. दूध ओतून टाकल्याची तारीख, लिटर आणि सही असलेली वही गोठ्याच्या दारातच टांगलेली असावी.